सगळे स्वर शुद्ध

नाद अविनाशी आहे. संगीतावरच्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानावर हे वाक्य हमखास असतं, आणि अशी बरीच पहिली पानं मी जळगावात बसून जुळवली आहेत. अग्नी, पाणी, काळ, कशानेही नादाचा नाश होत नाही, असं पुढे लिहिलेलं असतं. फाँटबद्दल त्यात काही नसतं. ‘अविनाशी’मधला ‘श’ निम्म्या वेळा चौकोन होऊन यायचा.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘व्यवसायातले रोमहर्षक प्रसंग’ मागितले आहेत. ते दरवर्षी एखादे डॉक्टर किंवा वनाधिकारी गाठतात; यंदा बहुधा बिबट्या मिळाला नाही. माझ्या व्यवसायात अंगावर काटा येतो तो असा : फाइल उघडताना पडद्यावर एक लहान खिडकी येते. तीत इंग्रजीत लिहिलेलं असतं की अमुक फाँट सापडला नाही, दुसरा वापरू का? खाली ‘होय’ असतं. माणसं ‘होय’ दाबतात. माझं घर तीस वर्षं त्या ‘होय’वर चाललं.

बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं टाइपसेटिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, केळीच्या खोक्यांवरची लेबलं, निवडणुकीची पत्रकं, आणि वर्षातून तीन-चारदा एखादं गाण्याचं पुस्तक. हे शेवटचं काम बाकीचे लोक घेत नसत, म्हणून माझ्याकडे येई. मला गाणं येत नाही आणि कळतही नाही. ही गोष्ट मी कधी लपवली नाही. कोणी विचारलीही नाही.

कामाचं स्वरूप सांगतो. आपल्याकडे गाणं कागदावर उतरवतात ते साध्या अक्षरांत : सा रे ग म प ध नि. रे, ग, ध किंवा नि आपल्या जागेवरून थोडा खाली उतरला की त्याला कोमल म्हणतात आणि अक्षराखाली एक आडवी रेघ देतात. म वर चढला तर तो तीव्र. त्याच्या डोक्यावर उभी रेघ. वरच्या आणि खालच्या सप्तकांसाठी अक्षराच्या वर किंवा खाली टिंब. यातलं काहीच नसेल तर तो स्वर शुद्ध. भैरवी ऐकून माणसं डोळे पुसतात आणि बिलावल ऐकून पुसत नाहीत, त्याचं कारण, माझ्या दुकानापुरतं बोलायचं तर, चार आडव्या रेघा.

कळफलकावर या रेघांना जागा नाही. पुण्याच्या एका हुशार गृहस्थांनी स्वरलिपीचं सॉफ्टवेअर केलं, तेव्हा त्यांनी टिंबांना कळा दिल्या, तीव्र म ला कळ दिली, आणि कोमल स्वरांची पाळी येईपर्यंत कळा संपल्या. फाँट साधा असतो, ठळक असतो, तिरकाही असतो. मराठीत तिरकं अक्षर वापरतो कोण, असा विचार करून त्यांनी तिरक्याच्या जागी रेघवाले कोमल स्वर बसवून टाकले. म्हणजे ‘रे’ टाइप करायचा, निवडायचा आणि तिरकं करण्याचं बटण दाबायचं. अक्षर सरळच राही, खाली रेघ येई. युक्ती छान होती. फक्त तिच्यामुळे रे कोमल आहे ही गोष्ट अक्षरात कुठेच राहिली नाही. ती फाँटच्या निवडीत राहिली. संगणकाला विचाराल तर दोन्ही रे एकच.

ज्या दुकानात तिरक्याची फाइल टाकलेली नसे, तिथे हेच स्वर खरोखर तिरके दिसत. मग टापटिपीची आवड असलेला कोणीतरी ते सरळ करून टाकी आणि मला फोन येई. माझा पहिला प्रश्न ठरलेला : “कोमल तपासलेत का?” पारोळा, पाचोरा, जामनेर, धुळे, सगळीकडे हा प्रश्न मी विचारला आहे. विचारताना आवाज थोडा वरचा लागे, हेही कबूल करतो.

धुळ्याच्या एका बँडवाल्यांचा फोन मात्र वेगळा होता. त्यांच्याकडे पाच आडव्या ओळींवर सूर मांडायचं विलायती पद्धतीचं सॉफ्टवेअर होतं.

“सर, सुरुवातीला ते वेटोळं चिन्ह असतं ना, त्याच्या जागी ‘अँड कंपनी’मधलं अँड आलंय.”

“आणि बाकी?”

“बाकी बठ्ठा क्यू. क्यू, क्यू, क्यू. एक लाइन तर नुसती क्यूची.”

मी बसने धुळ्याला गेलो. मालकांना बँडचं नाव लग्नपत्रिकेच्या फाँटमध्ये हवं होतं. ते बदलताना त्यांनी संपूर्ण पान निवडलं, आणि सूरही पत्रिकेच्या अक्षरात गेले. यादीतून मूळ संगीताचा फाँट पुन्हा निवडला, दोन मिनिटांत वेटोळं जागेवर आलं. विशेष म्हणजे त्या क्यूच्या कागदावर त्यांचा क्लॅरिनेटवाला चार दिवस धून वाजवत होता, आणि ती बरोबर होती. मी विचारलं, हे वाचलंस कसं? तो म्हणाला, “वाचस कोन भाऊ? कागद समोर शे तं मालक बोलस नही.”

चौकोन दिसले, क्यू दिसले, की मला बरं वाटायचं. बिघाड स्वतःहून पुढे आला आहे, आता दुरुस्त होईल. या कामात घाबरावं ते सगळं बरोबर दिसतं तेव्हा. हे मी दुसऱ्यांना सांगत असे.

आता लोटन नानांचं सांगतो. रोमहर्षक म्हणून नव्हे. संपादकांनी गाळलं तरी चालेल.

नाना धुळ्याच्या एका शाळेत संगीताचे शिक्षक होते. वेळापत्रकात संगीताला आठवड्यातून एक तास, तोही शनिवारी शेवटचा. बाकी वेळ ते गैरहजर शिक्षकांच्या वर्गावर बसत. निवृत्तीनंतर त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. बोलत ते नुसत्या श्वासावर, जवळ जाऊन ऐकावं लागे. त्यांची मुलगी मंदा धुळ्यातच एका सरकारी कार्यालयात लिपिक. एका सकाळी ती कापडी पिशवीत पाच वह्या घेऊन जळगावला माझ्या दुकानात आली.

“भाऊ, नानांचं पुस्तक करायचंय. त्यांच्या हातात पडलं पाहिजे.”

“घाई किती आहे?”

“डॉक्टर तारीख सांगत नाहीत.”

वह्या जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेल्या होत्या. त्यांचे दोन भाग होते. पहिल्यात शाळेत शिकवायचे राग, सोप्यापासून अवघडापर्यंत. ते बाजारातल्या कुठल्याही पुस्तकात मिळतात. दुसऱ्यात नानांच्या स्वतःच्या तेवीस चाली. त्यांना रागाचं नाव नव्हतं, नुसते आकडे होते. रागाचं नाव असतं तर त्यात कोणते स्वर कोमल हे जाणकार माणूस न पाहता सांगतो. पण नाना या चालींत दोन्ही रे घेत, दोन्ही ग घेत, कुठे कोणता ते त्यांचं तेच ठरवत. ते कळायला त्या जांभळ्या रेघांखेरीज जगात दुसरं साधन नव्हतं. चाली म्हणणारा गळा गेला होता, आणि शाळेतल्या मुलांनी शनिवारचा शेवटचा तास किती लक्षात ठेवला असेल, ते आपण सगळेच शाळेत गेलेलो असल्यामुळे जाणतो.

“तुम्हाला येतात का?” मी मंदाला विचारलं.

“मला शिकवलं नाही. घरचं माणूस शिकत नाही म्हणायचे. लोकांच्या मुलींना शिकवलं.”

मी टाइप केलं. कोमल स्वर एकेक निवडून बटण दाबत गेलो. पंधरा-वीस पानं झाली की प्रूफ घेऊन धुळ्याच्या देवपुरात नानांच्या घरी जायचं. ते पेटी पुढ्यात घेऊन बसत, डाव्या हाताने भाता आणि उजव्याने एकेक पट्टी दाबत प्रूफ तपासत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला जवळ बोलावलं.

“तुले गानं समजस का?”

“नाही नाना.”

“मंग चांगलं शे. समजनारा मानूस मझारमा सुधारना करस.” मझारमा म्हणजे मधेच.

एका ओळीत माझ्याकडून एक रेघ राहिली होती. त्यांनी बोट ठेवलं. “रेना खाले रेघ कोठे गई?”

“राहून गेली. एवढी एकच आहे.”

“एकच?” त्यांनी पांढरी पट्टी दाबली. “हाऊ रे उभा शे.” मग शेजारची काळी दाबली. “हाऊ रे बठेल शे. उभा मानूस आनि बठेल मानूस, दोन्ही एकच का?”

मंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “नाना, त्यांना बसची वेळ आहे.”

“बस उभी शे. जाऊ दे तिले,” नाना म्हणाले आणि हसले. त्या हसण्यालाही आवाज नव्हता.

कोमल स्वर कसा ऐकू येतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तोवर माझ्या हाताखालून असे हजारो गेले असतील. खरं सांगतो, फार मोठा फरक वाटला नाही. सताड उघडं दार आणि नुसतं लोटलेलं दार, एवढा वाटला. पण त्यानंतर त्यांच्या प्रुफात माझ्याकडून एकही रेघ सुटली नाही.

हिवाळाभर हे चाललं. मार्चअखेर तेविसावी चाल तपासून झाली. शेवटच्या पानावर नानांनी ‘बराबर’ असं लिहिलं आणि खाली सही केली, शाळेच्या दाखल्यावर करत तशी, पूर्ण नावाची.

मे महिन्यात माझा जुना संगणक गेला. जळगावच्या मे महिन्यात माणसं जातात, तो तर पंधरा वर्षांचा होता. जाताना डिस्कही घेऊन गेला. नानांची फाइल पेन ड्राइव्हवर होती, ती वाचली. नवा संगणक घेतला, तर त्यातलं सॉफ्टवेअर त्या जातीचे जुने फाँट ओळखेचना. यादीत नावच येईना. त्याच आठवड्यात मंदाचा फोन आला. नानांना दवाखान्यात हलवलं होतं.

“भाऊ, आता प्रूफ नको. जसं आहे तसं छापा.”

जुन्या फाँटमधला मजकूर नव्या युनिकोडमध्ये बदलणारी सॉफ्टवेअरं मिळतात. मी एक घेतलं. आंधळेपणाने वापरलं नाही. आधी चाचणी घेतली. पहिली वीस पानं बदलली आणि अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. टिंबं आली होती, तीव्र म ची उभी रेघ आली होती, तालाच्या मात्रांचे कंस जागेवर होते. एकही चूक नाही. मग संपूर्ण पुस्तक बदललं, भराभर चाळलं. कुठे चौकोन नाही, कुठे कचरा नाही. पानं पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसत होती, आणि मला बरं वाटलं. जुन्याच नावाने फाइल सेव्ह केली आणि छापखान्याला पाठवली.

पहिल्या वीस पानांत कोणते राग होते ते इथे सांगतो : बिलावल, भूप, दुर्गा, हंसध्वनी, यमन. गाणं शिकवणारं प्रत्येक पुस्तक सोप्यापासून सुरू होतं, आणि सोपे म्हणजे ज्यांत कोमल स्वर नाहीत ते. मी कोमल स्वरांची चाचणी घेतली ती अशा वीस पानांवर, ज्यांत एकही कोमल स्वर नव्हता. ज्याला गाणं कळतं असा कोणताही माणूस हे तिसऱ्या पानाला ओळखेल. बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने अक्षरं इमानाने बदलली होती. तिरकेपणा ही त्याच्या मते सजावट होती, ती त्याने काढून टाकली होती. दुसऱ्याच्या दुकानात असतो तर मी आत शिरताच विचारलं असतं, कोमल तपासलेत का?

जून सरता सरता पहिली प्रत हातात आली. त्याच दिवशी मी धुळ्याला नेली. नानांच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मंदाने पलंगाचं डोकं वर केलं, चष्मा लावला, पुस्तक हातात दिलं. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं नाही, स्वतःचा फोटो पाहिला नाही. मागून उघडलं, चालींवर. एका पानावर थांबले. मग उजवा अंगठा त्या अक्षरांखालून हळूहळू फिरवू लागले. थांबायचे, पुढे सरकायचे, पुन्हा अंगठा. मंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बघा भाऊ, कसे कुरवाळताहेत.”

मलाही तसंच वाटलं. मी थोडा ताठ उभा राहिलो, असंही आठवतं. त्यांनी माझ्याकडे पाहून मास्कच्या आत काहीतरी म्हटलं. मी वाकलो, पण यंत्राच्या आवाजात ऐकू आलं नाही. “हो नाना,” मी म्हणालो. दीड पान झाल्यावर त्यांचा हात थकला. चार दिवसांनी ते गेले.

महिनाभराने पाचोऱ्याहून फोन आला. बोलणाऱ्या शकुंतला अक्का, नानांच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी, स्वतः निवृत्त शिक्षिका. मंदाने त्यांना पुस्तक पाठवलं होतं.

“पुस्तक तुम्ही टाइप केलं का भाऊ?”

“हो अक्का.”

“मंग हाई भैरवी शे का बिलावलनी मावशी?”

मला कळलं नाही.

“अहो, भैरवीमा एक बी स्वर कोमल नही! तोडीमा नही, मालकंसमा नही. बठ्ठा शुद्ध. मी म्हटलं, जाऊ दे, राग तं माले पाठ शेत. पन नानासनी सतरावी चाल पेटीवर वाजाडी पाही. लगननं गानं व्हई गयं.”

मी फोन ठेवला आणि पुस्तक उघडलं. एकविसाव्या पानापासून पुढे पुस्तकात एकही आडवी रेघ नव्हती. मुद्दाम नासधूस करणाऱ्याच्या हातून एखादी तरी सुटते. मग आठवलं की नाना अंगठ्याने काय करत होते.

जुनी फाइल नव्हती. तिच्याच नावाने मी नवी ठेवली होती. डिस्क दुरुस्त करणाऱ्याने दोन दिवसांनी मान हलवली. नानांनी तपासलेली प्रुफं? दुरुस्ती झाली की मी त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूंवर लग्नपत्रिकांची प्रुफं काढत असे. कागद वाया घालवायचा नाही ही माझी तीस वर्षांची सवय. नानांच्या चाली त्या हंगामात जामनेरपासून पारोळ्यापर्यंतच्या लग्नघरांत गेल्या होत्या, वधूवरांच्या नावांच्या मागे. तीन पानं सापडली, तिन्ही भूप रागाची. राहिल्या वह्या. त्या मी मंदाला केव्हाच परत दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेलो. पारोळ्यापर्यंत काय बोलायचं ते जुळवत होतो, पुढे सोडून दिलं. मंदाने चहा ठेवला. मी म्हणालो, आधी वह्या दाखवा.

“वह्या नाहीत भाऊ. मुडावदला सोडल्या.”

पांझरा तापीला मिळते तिथे नानांची रक्षा विसर्जित केली होती.

“काका म्हणाले, माणसाचं आवडतं काही असेल तर बरोबर द्यावं. तंबाखूची डबी दिली, चष्मा दिला. आणि वह्या. म्हटलं, पुस्तक तर झालंय.”

मग मी सांगितलं. वीस पानांचंही सांगितलं. चहा उतू गेला तेव्हा तिने उठून गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन बसली.

“म्हणजे पुस्तकात आहे ते नानांचं नाही?”

“अक्षरं त्यांची आहेत.”

“अक्षरं तर सगळ्यांचीच सात असतात,” ती म्हणाली.

मी तिला दवाखान्यातल्या त्या प्रतीबद्दल विचारलं. ती देवघरात ठेवली होती, हळदीकुंकू लावून. नाना थांबले होते ते पान मी उघडलं, सतरावीच चाल, आणि ते खिडकीपाशी नेऊन उन्हात आडवं धरलं. समोरून काही दिसत नव्हतं. तिरप्या उजेडात मात्र अक्षरांखाली बारीक खाचा दिसल्या. इथे एक, मग तीन अक्षरं सोडून एक, मग लागोपाठ दोन. नाना कुरवाळत नव्हते. नखाने रेघा देत होते. प्रूफ तपासत होते.

मंदाने पान हातात घेतलं, उन्हात धरलं, आणि त्या खाचांवरून स्वतःचं बोट फिरवलं. मग म्हणाली, “तुम्ही ‘हो नाना’ म्हणालात.”

“म्हणालो.”

“मीही हसले त्यांच्याकडे बघून.”

पुढच्या रविवारी शकुंतला अक्का पाचोऱ्याहून आल्या. मी खिडकीत पान धरून खाचा वाचत होतो, मंदा पेन्सिलीने दुसऱ्या प्रतीत रेघा ओढत होती, अक्का पेटीवर एकेक स्वर लावून बघत होत्या. एका ठिकाणी त्यांचा हात थांबला.

“हाई खाच शे का कागदनी सुरकुती?”

“खाच वाटते अक्का.”

“वाटस म्हंजे? तुमना वाटनामुळेच हाई बठ्ठं व्हयनं.”

त्या बोलल्या ते खरं होतं. शेवटी त्यांनी दोन्ही प्रकारे वाजवून पाहिलं आणि मंदाकडे बघितलं. मंदा म्हणाली, “पहिलं.” कशावरून, ते तिला सांगता येईना. भिंतीपलीकडून ऐकलं होतं, एवढंच म्हणाली.

ही चाल नानांनी शाळा सुटतानाच्या प्रार्थनेसाठी केली होती, मंदाची आई गेली त्या वर्षी. आठ-पंधरा दिवस शाळेत म्हटली गेली. मग मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की मुलं रडवेल्या तोंडाने घरी जातात, पालक विचारतात. चाल बंद झाली. नाना घरी वाजवत राहिले.

अक्कांनी धृपद वाजवलं, पहिला अंतरा वाजवला. मला गाणं कळत नाही, तेव्हा त्याबद्दल लिहीत नाही. मंदा भिंतीकडे तोंड करून बसली होती. दुसऱ्या अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीच्या मध्यावर खाचा संपल्या. अक्कांनी हात उचलला.

“पुढे?” मंदाने विचारलं.

“पुढे तुना बापले माहीत.”

एक चाल, तीही पाऊण. बाकीच्या बावीस चालींपैकी अक्कांना एकीचं धृपद आठवलं, ते त्यांनी तीन वेळा तीन तऱ्हांनी म्हटलं, आणि स्वतःच “जाऊ द्या” म्हणाल्या.

चुकीच्या पुस्तकाला आपल्याकडे शुद्धिपत्र जोडतात. डाव्या रकान्यात अशुद्ध, उजव्यात शुद्ध. मी ते करायला बसलो तेव्हा पहिल्याच ओळीशी अडलो, कारण पुस्तकातली चूक हीच होती की सगळं शुद्ध झालं होतं. शेवटी रकान्यांना नावं दिली नाहीत. पहिल्या भागातल्या रागांचे कोमल स्वर दिले. ते द्यायची कोणाला गरज नव्हती. सतराव्या चालीच्या रेघा दिल्या. उरलेल्या बावीस चालींपुढे काय लिहायचं ते मंदाला विचारलं. तिने सांगितलं तसं लिहिलं : “या चालींतले कोमल स्वर उपलब्ध नाहीत.” छापताना माझ्या नावाने दिलगिरी घातली. तिने ती काढायला लावली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

तोवर निम्म्याहून अधिक प्रती वाटून झाल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच नानांच्या शाळेत होत्या. मंदा स्वतः तिथे जाऊन शुद्धिपत्राचे कागद देऊन आली. ते कार्यालयात घेतले, पोच दिली.

वर्षश्राद्धानंतरच्या आठवड्यात शाळेने नानांच्या स्मरणाचा कार्यक्रम ठेवला. हार, समई, व्यासपीठावर नऊ जण. अध्यक्ष नानांना एकदाही भेटलेले नव्हते आणि पाऊण तास त्यांच्या सहवासाबद्दल बोलले. मग मुलींनी सतरावी चाल म्हटली, पुस्तकातून, सगळे स्वर शुद्ध. चाल उड्या मारत गेली. तिसऱ्या ओळीपासून सभागृहाने ठेका धरला. मंदा माझ्या शेजारी बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, उठूनही गेली नाही. मुली खाली उतरल्या तेव्हा एवढंच म्हणाली, “पोरींनी मेहनत घेतलीय.”

नंतर मुख्याध्यापिका येऊन भेटल्या. चाल फार प्रसन्न आहे, मुलं हसत घरी जातील, म्हणाल्या. मी शुद्धिपत्राचं विचारलं. त्यांनी लिपिकाला विचारलं. लिपिक म्हणाला, फाइलला लावलंय.

तेव्हापासून शाळा सुटताना रोज तीच प्रार्थना होते. मागच्या महिन्यात शाळेने पुस्तकाच्या आणखी पन्नास प्रती मागवल्या. सोबतच्या पत्रात एक सूचना आहे : पुढच्या आवृत्तीत अक्षर जरा मोठं घ्यावं.